देवघरातली आखूड गोळी

एका दसऱ्याला मी देवासमोर बसून रिव्हॉल्वरमध्ये चुकीची गोळी भरली आणि वर फूलही वाहिलं.

रिव्हॉल्वर आजोबांचं. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर बिडकीनच्या शेतावर एकटं राहायचं म्हणून त्यांनी लायसन काढलं. वडिलांनंतर ते माझ्या नावावर झालं. (झुरळ दिसलं तरी मी पलंगावर चढतो, हे लायसन देणाऱ्या साहेबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.)

पूजेला आत्या म्हणाली, "रिकामं शस्त्र पुजतेत व्हय? एक गोळी तरी घाल!"

डब्यात दोन तऱ्हेच्या गोळ्या, लांब आणि आखूड. मी आखूड उचलली. लहान म्हणजे कमी धोक्याची, एवढीच माझी अक्कल! ती अलगद आत गेली.

"बसली!" मी ओरडलो आणि रिव्हॉल्वर पाटावर ठेवून वर फूल वाहिलं.

"बसली म्हणजे चालती का?" बायको म्हणाली. "लायसन बघा आधी."

बघितलं. लायसनवर नळीचं माप बत्तीस बोर, डब्यातल्या आखूड गोळीच्या बुडावर सात पॉइंट पासष्ट! तोवर आत्या कुंकू घेऊन बसली होती आणि नळी थेट तिच्या पोटाकडं!

"आत्या, हात लावू नको! बाजूला हो!"

"मेल्या, पूजा तरी होऊ दे!"

तिला अक्षरशः उचलून अंगणात आणलं. देवघराला कडी लावली आणि बंदूक दुरुस्त करणाऱ्या चाचांना फोन केला.

"हात नक्को लगाओ, साब. आतौं मैं."

ते येईपर्यंत मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. आत्याला काही झालं असतं तर? शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी तुळशीमागं आडवा झालो!

चाचांनी नळी भिंतीकडं धरून गोळी काढली. "ये पिस्तौल की गोली, तुमारा रिव्हॉल्वर. बैठती है, मगर चलाए तो फटेगा. लायसन, नळी और गोली, तीनों का लिखा मिलाने का. शक आया तो डालनाच नइं!"

मग त्यांनी नळी उजेडात फिरवली. "यां बोर लिखा रहता. किन्ने घिसके मिटाया?"

दर दसऱ्याला तांब्याच्या कळशीसोबत चिंच आणि राख लावून मीच रिव्हॉल्वर लख्ख घासत होतो. बायको, आत्या, दोन्ही पोरं, सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बोट दाखवलं.

आमच्या घराण्यात शस्त्र आल्यापासून सगळ्यांचा नेम अचूक लागला, तो तेवढाच!