हुंगलेलं तोंड

ज्या माणसानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, त्याचं तोंड लोक हुंगतात, तेव्हा किळस कुणाची यावी? मला हुंगणाऱ्यांची आली. ती अजून गेलेली नाही.

आधी माझ्या नवऱ्याच्या डाव्या पायातली चप्पल सुटायला लागली. ती वाटेत मागे राहायची आणि यांना ती घ्यायला परत फिरावं लागायचं. मग सदऱ्याची गुंडी लागेना. चहाच्या घोटाला ठसका लागायचा. पुढे जीभ जड झाली आणि गावाचं निदान पक्कं झालं, पितो म्हणून.

मोठ्या दिराला मी तोंडावर अहोजाहो करते, लिहिताना करणार नाही. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात, चारचौघांत, त्यानं यांच्या तोंडाला नाक लावलं. वास नव्हता. "वास न येणारी पिऊन राहिला," म्हणाला. आणि हा स्वतः दिवेलागणीला झिंगलेला असतो. चोराच्या उलट्या बोंबा!

आमच्याकडे पिणाऱ्याच्या गळ्यात माळ घालून देवापुढे शपथ घ्यायला लावतात. यांनाही मारुतीपुढे उभं केलं. "दारूला शिवणार न्हाई," एवढंच म्हणायचं होतं. पण शब्द तोंडातच लोळत होते. "बराबर म्हण," करत दिरानं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. बाया पदराआड हसत होत्या. यांच्या हनुवटीवर लाळ आली होती. मी ती पुसली आणि मला त्या सगळ्यांवर थुंकावंसं वाटलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी हुंगलं नाही. जीभ बाहेर काढायला लावली. ती जागच्या जागी वळवळत होती. हाताच्या अंगठ्याजवळचं मांस आटून खळगा पडला होता. सगळ्या तपासण्या झाल्यावर ते म्हणाले, स्नायू हलवणाऱ्या नसा मरत चालल्यात, आजार वाढत जाणार, बरं करणारं औषध नाही.

घरी आल्यावर यांनी गळ्यातल्या माळेकडे हात नेला. बोटांना गाठ सुटेना. मी ती माळ कात्रीनं कापली.

सकाळी दीर दारात हजर. "माळ काहून काढली रे? पुन्हा सुरू केली काय?"

मी तोंड उघडायच्या आत हे भिंत धरत उठले, त्याच्या अगदी जवळ गेले आणि आ करून जीभ बाहेर काढली. ती वळवळणारी जीभ बघून दीर मागे सरकला. त्याच्या तोंडाचा रात्रीचा दर्प मला चुलीपर्यंत येत होता.

"आता काहून मागं सरता, भाऊजी?" मी म्हणाले. "हुंगा."