बरं झालेलं डोकं

"डोकंदुखी आली तर सांगजो, मी घरी नाही," असं मला, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या मदतनिशीला, बजावत ताई सकाळी चौकशीच्या खिडकीमागे यायच्या आणि पदरानं माइक पुसायच्या.

आमच्या बसस्थानकावर तुम्ही कधी ताटकळला असाल, तर तो आवाज ऐकलाच असेल. घोषणा अगदी छापील मराठीत आणि माइक बंद केला की वऱ्हाडी सुरू. बूड म्हणून टेकायचं नाही बाईचं. गाडी सांगून झाली की खिडकी ते माठ, माठ ते खिडकी, नुसत्या फेऱ्या.

त्यांना अर्धशिशी होती. दुखायला लागायच्या आधी जिभेवर भलताच शब्द यायचा. एकदा त्यांनी अकोल्याची गाडी परतवाड्याची म्हणून सांगितली. माणसं पोराबाळांसकट त्यात चढून बसली. मग जो गोंधळ झाला, तो विचारू नका. स्थानकाचे साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर माइक सुटला, टायरच्या गोदामात बसायचं. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

कुणीतरी सांगितलं, उपाशी राहिलं की अंगातली चरबी जळून कीटोन तयार होतात आणि ते डोक्याला मानवतात. झालं, ताईंनी उपास धरले. साबुदाण्याची खिचडी, रताळी, वर राजगिऱ्याचे लाडू. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "बाई, ही तर एकादशी अन् दुप्पट खाशी. यानं कुठले कीटोन?" ताईंनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात घोळून प्यायची कीटोनची पावडर लिहून दिली. अजून अभ्यास चालू आहे, खात्री देत नाही, गोळ्या सोडू नका, हेही सांगितलं.

"रॉकेल बरं लागत असंल यापेक्षा," म्हणत ताई नाक दाबून ते पाणी प्यायच्या. मग दिवसभर मला एकच प्रश्न, "नीट बोलून राहिली ना मी?"

उन्हाळा बरा गेला. मग एका दुपारी अकोल्याची गाडी लागली, ताईंनी माइक सुरू केला आणि गप्प झाल्या. ओठ हलत होते. भलतं नाव निघायच्या आत त्यांनी माइक माझ्या हातात कोंबला. कशीबशी मीच गाडी सांगितली.

बाहेर कुणाला काही कळलं नाही. तरी ताईंनी स्वतःच राजीनामा दिला आणि अकोल्याला बहिणीकडे गेल्या.

परवा भेटायला गेले. पडदे ओढलेले, घर शांत, आणि ताई चक्क एका जागी बसलेल्या. माझा जीव तुटला.

"डोकं कसं आहे?"

"लय कमी झालं. पावडरनं का या शांततेनं, डॉक्टरलेही सांगता येत नाही."

"मग चांगलंच झालं की, ताई."

"चांगलंच झालं," त्या म्हणाल्या. "पण हे बरं डोकं घेऊन मी दिवसभर करू काय, सांग."