तो क्रम मी फिरवला होता

नंदू गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही ऑफिसच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. घोडपदेवला राहणारा माणूस, माझ्या परळच्या घरापासून टॅक्सीने दहा मिनिटं... आणि मला तिसऱ्या दिवशी! दोष कुणाला देऊ? सात वर्षं मीच त्याच्या दाराशी फिरकलो नव्हतो.

आम्ही दोघं एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर होतो. शिवडीच्या एका गोदामासाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो, त्यात माल हलवायचं एक फंक्शन होतं. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: माल कुठून उचलायचा आणि कुठे उतरवायचा. मी आपला नुसती दोन ठिकाणं लिहून मोकळा व्हायचो. पहिलं ते 'कुठून', दुसरं ते 'कुठे', सगळी भिस्त क्रमावर. नंदू मात्र दर वेळी नावासकट लिहायचा, 'कुठून' बरोबर शिवडी, 'कुठे' बरोबर भिवंडी. मग क्रम उलटा झाला तरी बिघडत नाही. "अरे येड्या, नाव घाल ना! उद्या कोणी फंक्शनच्या व्याख्येतला क्रम फिरवला तर तुझा माल उलटा जाईल," म्हणायचा. रोज तेच! डोकं उठवायचा राव. मी त्याला 'मास्तर' म्हणून चिडवायचो.

क्रम फिरवला तो मीच. माझं मशीन बंद पडलं होतं, म्हणून नंदू जेवायला गेला असताना त्याच्या मशीनवर बसलो, आणि नव्या स्क्रीनला सोयीचं पडतं म्हणून व्याख्येत 'कुठे' आधी घेतलं. माझ्या जुन्या ओळी तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी रिकामे ट्रक माल उचलायला भिवंडीला गेले, आणि इकडे शिवडीत औषधांची खोकी उन्हात पडून वाया गेली. नंदूच्या ओळींना धक्कासुद्धा लागला नव्हता, पण बदल त्याच्या नावावर नोंदला गेला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. नंदूने एकदा माझ्याकडे पाहिलं... आणि मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसलो. तेव्हा माझी मुलगी दोन महिन्यांची होती, हे कारण मी स्वतःला हजारदा सांगितलंय. कारण कसलं डोंबलाचं, शेपूट घातलं मी.

नंदूची नोकरी गेली. पुढे तो लालबागला एका क्लासमध्ये पोरांना प्रोग्रामिंग शिकवायला लागला, असं ऐकलं. सुरुवातीला त्याचे फोन यायचे. स्क्रीनवर नाव दिसलं की मी फोन उलटा ठेवायचो, उचलत नसे. मग फोनही थांबले.

परवा धीर करून नंदूच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. तो उकळायच्या आत मी सगळं एका दमात बोलून टाकलं. त्यांनी गॅस बारीक केला.

"माहीत होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी मला सांगितलंनी. म्हणाले, त्याची मुलगी लहान आहे, मला मिळेल दुसरं काम."

त्यांनी चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला.

"तुम्ही यायचं का सोडलंत, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही त्यांना. माझं काय चुकलं गं, म्हणून मलाच विचारायचे."