साखराबाईची हाक

तलवाड्याच्या साखराबाईने मुलूख पाहिला तो मेंढरांच्या मागून. दिवाळी सरली की नवरा धुळाजी घोड्यावर बिऱ्हाड घाली आणि दोघं चाऱ्यामागे निघत. गोदावरीच्या काठाने खाली, एखाद्या साली भीमेकडे, फारच कोरडं गेलं तर पार कृष्णेपर्यंत. ज्या नदीकाठी कोकरू जन्मेल, त्या नदीचं नाव त्याला. नकाशात ज्यांची कधी गाठ पडत नाही त्या गोदा आणि कृष्णा तिच्या कळपात एकमेकींना ढुशा देत चरायच्या. काय दिवस होते ते!

मध्यंतरी नात योगिता शाळेतून सांगत आली, "आज्जे, देशातल्या लांब नद्यांत गंगेखालोखाल गोदावरीच हाय."

"लांब हाय ते माज्या गुडघ्यांला इचार," म्हातारी हसली.

आता धुळाजी नाही, गुडघे गेले, पडीक रानांत ऊस उभा राहिला. यंदा मेंढरं गोदावरीपल्याडच्या नाथाला द्यायची ठरली. तिने हो म्हटलं खरं, पण जीव सगळा कळपात.

नाथा न्यायला आला. पुलावर ट्रकांची वर्दळ, म्हणून नदीच्या उथळ उतारावरून, गुडघाभर पाण्यातून जायचं होतं. मेंढरू पाण्याला भितं. पुढची मेंढी शिरली तरच मागची शिरतात, आणि पुढची फक्त ओळखीच्या हाकेला येते. नाथाने हाका मारल्या, ओढलं, शिव्या घातल्या. कळपाच्या पुढची म्हातारी मेंढी कृष्णा पाय रोवून उभी. साखराबाईच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"मावशी, न्हाई येत ह्या. न्या माघारी, माजं काय न्हाई," नाथा वैतागला.

तिने मेंढरांकडे पाहिलं. पोटं खपाटीला गेलेली. पल्याड नाथाचं हिरवं रान दिसत होतं.

"थांब रं जरा."

लुगडं खोचून ती पाण्यात उतरली. "हुर्र, कृष्णे, ये गं बाई!"

कृष्णा आली. तिच्यामागून सगळीच आली.

पल्याड कृष्णेच्या पाठीवरून हात फिरवून साखराबाई नाथाला म्हणाली, "हिला लई हाणू नको." मग ती माघारी वळली. कृष्णा पाण्यापर्यंत मागे आली आणि ओरडायला लागली. साखराबाईला हुंदका दाटून आला. पण आवाज फुटला असता तर सगळी मेंढरं पुन्हा पाण्यात शिरली असती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मागे न बघता गोदावरी ओलांडली.