आबांना मी पूर्वज केलं

भाचीच्या लग्नाची पत्रिका लिहायचं काम माझ्याकडं आलं. का, तर मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. मी लिहिलं, ‘आमच्या पूर्वजांच्या कृपाशीर्वादाने’, आणि खाली तीन नावं टाकली. आजोबा, आजी आणि आबा. आबा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. पहिले दोघं कधीच वारलेले. आबा मात्र वेरूळजवळच्या गावात ठणठणीत.

पत्रिकेचा नमुना घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी पसंतीचे अंगठे टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं आबा उस्मानपुऱ्यात आमच्या दारात हजर.

“मला हात लावून बघ,” ते म्हणाले. “गार लागतो का?”

मी पाणी दिलं आणि समजावू लागले. “आबा, पूर्व म्हणजे आधी, ज म्हणजे जन्मलेला. तुम्ही आमच्या आधी जन्मलात.”

“मंग तू भाचीच्या आधी जन्मलीस नव्हं? टाक की तुझं बी नाव.”

स्वतःचं नाव तिथं नुसतं मनात आणलं तरी अंगावर काटा आला.

रिक्षा करून आम्ही दोघं गुलमंडीतल्या छपाईवाल्याकडं गेलो. छपाई सुरू व्हायचीच होती. मी म्हटलं, “पूर्वज काढा, वाडवडील घाला.”

“नाय,” आबा म्हणाले. “वाडवडलांना वर्षातनं एकदा, पितरपाटात जेवू घालतेत. मला रोज लागतं.”

छपाईवाले चाचा चष्म्यावरून आमच्याकडं बघत होते. “मॅडम, बुजुर्ग लिखो ना. गुजरे हुए भी उसमें आते, जिंदा भी.”

“ह्यो शाना माणूस हाय!” आबांनी त्यांच्या हातावर टाळी दिली.

लग्नपत्रिकेत बुजुर्ग? मी मनातल्या मनात सगळे मराठी शब्द धुंडाळले. ‘वडीलधारे’ सापडला, पण त्यात आजोबा-आजी जिवंत असल्यासारखे वाटत होते. शेवटी हार मानली. ‘आमच्या बुजुर्गांच्या कृपाशीर्वादाने’ असंच छापलं. मुलाकडच्यांनी फोन करून विचारलं, चूक तर नाही ना? “आमच्याकडं असंच असतं,” मी ठोकून दिलं.

आबांनी पन्नास पत्रिका मागून नेल्या. लग्नात जेवणाच्या वेळी बघते तर मांडवात अनोळखी फेटेच फेटे. एकाला विचारलं, “आपण कोणाकडून?”

“बुजुर्गांकडून,” तो ताठ मानेनं म्हणाला.

भात दुसऱ्यांदा टाकावा लागला. तो शिजेपर्यंत आबा पाहुण्यांना एकेक करून माझ्याकडं आणत होते आणि सांगत होते, “ही आमची मास्तरीण. लई शिकलेली हाय, पण ऐकती.”