पावडरीच्या डब्यात गोळ्या

बंगल्यांच्या त्या वस्तीत पोहण्याचे तलाव सांभाळणाऱ्या माणसाला सगळे नाकशेठ म्हणत. ओंजळभर पाणी नाकाशी नेऊन तो क्लोरीन कमी की पुरेसं ते सांगून टाकी, आणि तपासणीचे थेंब घालून पाहिलं तर बहुधा तसंच निघे. "ह्यांच्या नाकावर माशी बसत नाही, माशीलाही क्लोरीन सोसायला हवं ना," असं त्याची बायको शेजारणींना सांगायची.

मग एकदा त्याला जबर सर्दी झाली, आणि जाताना ती नाकाचा गुणच घेऊन गेली. साबण, रॉकेल, घामट सदरा, सगळं हुंगून झालं. कशालाच वास नाही. बायकोच्या लक्षात आलं, कारण भाजी करपून घरभर धूर झाला तरी हा शेगडीशेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेला.

"डॉक्टरांकडे चला," ती म्हणाली.

"आणि काय सांगू? नाकशेठचं नाक गेलं म्हणून? वस्तीभर बोभाटा होईल. कामं हातची जातील."

"अहो, पण पाणी थेंबांनी बघता येतं की."

"तेच तर करतोय."

ते खोटं नव्हतं. मालकांसमोर ओंजळ हुंगायचं सोंग चालू होतं, पण क्लोरीन घालायचं ते थेंबांचा रंग पाहूनच. पाण्यात कुठे उणं नव्हतं, त्यामुळे हळूहळू त्याचं मनही त्याला खायचं थांबलं.

त्या घरांपैकी एक वकीलबाईंचं. त्यांचे वडील गुडघ्यांसाठी रोज पाण्यात चालत. तिथलं पाणी जड, त्यात पावडरीचं क्लोरीन. फरशीवर पांढरा थर धरायचा.

"बाबांच्या तळपायांना खरखरीत लागतं," वकीलबाई म्हणाल्या. "दुसरं काही नाही का?"

"द्रव क्लोरीन आहे, पण तुमच्या पंपाच्या खोलीत उकाडा फार. ठेवल्या ठेवल्या त्याचा जोर जातो. गोळ्या बऱ्या. सावकाश विरघळतात, थर धरत नाहीत. मात्र त्यांच्यातलं एक औषध पाण्यात साठत जातं. ते फार झालं की क्लोरीन असूनही काम करेनासं होतं. मग थोडं पाणी काढून नवं भरावं लागेल."

"भरू. गोळ्याच घाला."

आतापर्यंत पावडर पंपाच्या खोलीतल्या एका झाकणाच्या डब्यातून पाण्यात सुटायची. गोळ्यांसाठी नवा डबा घ्यायला हवा, हे नाकशेठला कळत होतं. पावडर आणि गोळ्या म्हणजे सवती, एकत्र आल्या की विषारी धूर काढतात, एका घरात नांदवू नयेत, हे तोच सगळ्यांना ऐकवायचा. पण डबा धडधाकट होता. त्याने तो खळखळून धुतला आणि जन्माच्या सवयीने आत तोंड घालून हुंगला. वास नव्हता. म्हणजे डबा साफ. ज्या नाकाला करपलेली भाजी कळली नव्हती, त्या नाकाचा कौल त्याने मुकाट्याने मानला. तळाची चाळणी उचलून पाहिली नाही. गोळ्या टाकल्या, झाकण लावलं, पाणी सोडलं.

थोड्या वेळाने वकीलबाईंचे वडील, आजोबा, टॉवेल खांद्यावर टाकून खोलीच्या दाराशी आले.

"अहो नाकशेठ, काय शिजवताय? डोळे चुरचुरतायत."

"नव्या गोळ्या आहेत, आजोबा. पहिल्यांदा तेवढं होणारच."

नाकशेठच म्हणतोय म्हटल्यावर आजोबा निर्धास्तपणे आत आले, डब्याशी वाकले, आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की ते भिंतीला धरून खाली बसले. तेव्हा कुठे नाकशेठला झाकणाच्या कडेने निघणारा पिवळसर धूर दिसला, आणि आपलेही डोळे केव्हापासून गळतायत हे समजलं. त्याने आजोबांच्या काखांत हात घालून त्यांना फरफटत बागेत आणलं आणि बाहेरचं बटण दाबून पंप बंद केला. खोकला मात्र थांबेना.

वकीलबाईंनी रुग्णवाहिका बोलावली, अग्निशमनवालेही आले. मुखवटे चढवून ते आत गेले. "चाळणीखाली ओल्या पावडरीचा थर होता," बाहेर आल्यावर त्यांच्यातला एकजण म्हणाला. "झाकण उडालं नाही हे नशीब समजा."

इस्पितळात आजोबांना प्राणवायू लावला होता. बाहेरच्या बाकावर वकीलबाईंनी विचारलं, "डबा धुतला होता ना?"

"धुतला होता."

"मग पावडरीने एवढं कसं होईल? गोळ्याच सदोष असणार. दुकानदाराला नोटीस धाडते. तुम्ही फक्त साक्ष द्या."

एवढी सोपी वाट आयुष्यात कधी कुणी त्याला काढून दिली नव्हती. त्याने फक्त मान हलवायची होती. दाराआडून आजोबांचा खोकला ऐकू येत होता. आता तो कोरडा झाला होता, एखादं लाकूड कापावं तसा.

"नोटीस नका पाठवू," तो म्हणाला. "दुकानदाराची चूक नाही. चाळणी मी उचललीच नाही. नुसता डबा हुंगला. आणि मला वास येत नाही, बाई. सर्दी झाली होती, तेव्हापासून."

वकीलबाई त्याच्याकडे वळल्या.

"बाबा तुम्हाला म्हणाले होते, डोळे चुरचुरतायत."

"हो."

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, होणारच."

त्यांनी हात पुढे केला. त्याने खिशातून पंपाच्या खोलीची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"बाकीच्या घरी ठाऊक आहे?"

"नाही."

"त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात लहान मुलं पोहतात. तुम्ही सांगताय, की मी फोन करू?"

"मी सांगतो."

तो चालतच निघाला. कोपऱ्यावरच्या बंगल्यात मुलं काठावर बसून पाण्यात पाय आपटत होती. त्याला पाहताच त्यांच्या आईने फाटक उघडलं.

"या, या. पाणी एकदा हुंगून सांगा बरं, म्हणजे ह्यांना सोडते आत."

तो फाटकाबाहेरच थांबला. "पाणी नंतर, ताई," तो म्हणाला. "मुलांना जरा घरात पाठवा. तुमच्याशी बोलायचंय."