सुरमईसारखा लांब शब्द

हाताला सुरमईचा वास लागला की माझे कान अजून तापतात. तारकर्लीत नवं हॉटेल झालं, तेव्हा काउंटरवरच्या नोकरीसाठी बायकोनं मला इंग्रजी वाचायला शिकवलं. "अवो, लांब शब्द म्हणजे सुरमई. मुंडी आणि शेपटी वेगळी करा, मधलो तुकडो वळखीचोच आसता!" मुलाखतीत साहेबांनी 'अनफर्गेटेबल' हा शब्द वाचायला दिला. घाबरून माझा हात टेबलावर सुरीसारखा पडू लागला: अन, खट्ट! फर्गेट, खट्ट! एबल! शब्द बरोबर आला, पण पाण्याचा ग्लास साहेबांच्या मांडीवर. "मासे कापता का हो?" मान खाली घालून म्हटलं, "होय." नोकरी मिळाली, पण स्वयंपाकघरात. घरी आल्यावर दारातच बायकोनं विचारलं, "शब्द वाचूक इलो मां?" "इलो," एवढंच म्हटलं. बाकीचं पुढे हाताच्या वासानंच तिला सांगितलं. आजही कुणी लांब इंग्रजी शब्द वाचू लागलं, की मी हात खिशात घालतो.